गुन्हेगारी साम्राज्याचा सातबारा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



डिसेंबर २००० मध्ये मुंबईत एक लिलाव पुकारण्यात आला होता. आयकर खात्याने दाऊद इब्राहिमच्या जप्त मालमत्ता विक्रीस काढल्या होत्या. जागा दक्षिण मुंबईतल्या, रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या. या शहरात दहा बाय बाराच्या खोलीसाठी माणसे आयुष्यभराची पुंजी ओततात. तिथे अधिकारी आले, वार्ताहर आले, छायाचित्रकार आले. बोली लावणारा मात्र एकही आला नाही. हिंदुस्थान सरकार आपल्या ताब्यातील वस्तू विकायला बसले आहे आणि परदेशात दडून बसलेल्या एका फरारी आरोपीच्या भीतीने ती घ्यायला कोणी धजत नाही, असे ते दृश्य होते.

ही बातमी उत्तर प्रदेशातील एका तरुण व्यापाऱ्याने वाचली. कोणी घेत नाही तर मी घेतो, असे त्याने ठरवले आणि २००१ साली नागपाड्यातील जयराजभाई गल्लीतला १४४ चौरस फुटांचा एक गाळा दोन लाख रुपयांना लिलावात घेतला. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी त्या गाळ्याच्या मागे जे उभे आहे आणि सहसा दिसत नाही, त्याविषयी बोलतो.

आपल्याकडे गुन्हेगारी टोळ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्यात आम्हा पत्रकारांचाही दोष मोठा आहे. कोणी कोणाला कोठे गोळ्या घातल्या, कोणाकडे कोणते पिस्तूल होते, कोण कोणाचा उजवा हात, यावर आम्ही रकानेच्या रकाने भरले. खुनी माणसाला ‘भाई’ आणि ‘डॉन’ आम्हीच म्हणू लागलो. पण पिस्तूल हे टोळीचे हत्यार असते, तिचे बळ नव्हे. तिचे बळ तिच्या मालमत्तेत असते, आणि ती मालमत्ता बहुतेक वेळा टोळीप्रमुखाच्या नावावर नसतेच. ती कोणाच्या नावावर असते, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

प्रथम नावावर असलेल्याचे पाहू. रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात मुंबके नावाचे गाव आहे. दाऊदचे ते मूळ गाव. त्याचे वडील मुंबई पोलिसांत हवालदार होते, हे आपणांस ठाऊक असेलच. या गावातील कुटुंबाच्या जमिनी नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये लिलावास आल्या. २०२४ च्या लिलावात सुमारे १७१ चौरस मीटरच्या एका तुकड्याची सरकारी किमान किंमत होती १५,४४० रुपये. त्यावर बोली लागली २ कोटी १ लाखाची! दुसरा तुकडा ३ लाख २८ हजारांवर गेला आणि उरलेल्या दोन तुकड्यांना कोणी विचारले नाही. मुंबईत नोव्हेंबर २०१७ मध्ये पाकमोडिया स्ट्रीट परिसरातील हॉटेल रौनक अफरोज, एक गेस्ट हाऊस आणि डांबरवाला इमारतीतील खोल्या मिळून ११ कोटी ५८ लाखांना गेल्या. भेंडीबाजाराचा पुनर्विकास करणाऱ्या बोहरा समाजाच्या न्यासाने त्या घेतल्या. त्यापूर्वी २०१५ मध्ये याच हॉटेलसाठी आमच्याच व्यवसायातील एका ज्येष्ठाने ४ कोटी २८ लाखांची बोली लावण्याचे धाडस केले होते. पण उरलेली रक्कम त्यांना उभी करता आली नाही. त्याच लिलावातील एक जुनी मोटार ३२ हजारांना घेऊन खरेदीदाराने ती जाहीरपणे पेटवून दिली. वृत्तवाहिन्यांनी ती ज्वाळा दिवसभर दाखवली. मला मात्र त्या दिवशी वाटत राहिले, की गाडी जाळणे सोपे आहे, पण त्या खोल्यांचा ताबा घेऊन तिथे रोज सकाळी कुलूप उघडणे फार अवघड आहे.

या सगळ्याची बेरीज मांडा. काही खोल्या, एक हॉटेल, कोकणातले काही गुंठे. दशके तस्करी, खंडणी आणि अमली पदार्थ यांवर पोसलेल्या साम्राज्याचा हाच जर सातबारा असेल, तर एखाद्या मध्यम बिल्डरने त्याची कीव करावी. उघड आहे, की हा सातबारा अपुरा आहे.

ज्या कायद्याखाली हे लिलाव होतात तो ‘सफेमा’, म्हणजे तस्कर आणि परकीय चलनाचा गैरव्यवहार करणारे यांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा, १९७६ चा आहे. तो आणीबाणीच्या काळातला. आणीबाणीचे चटके सोसलेले अनेक जण समोर बसले आहेत; त्या काळाविषयी आपल्या मनात काय आहे ते सांगायला नको. देशभक्त आणि तस्कर यांना त्या राजवटीने एकाच तुरुंगात कोंडले होते. बाहेर आल्यावर हाजी मस्तान आणि इतर तस्करांनी जयप्रकाशजींसमोर तस्करी सोडण्याची शपथही घेतली. असो. कायदा मात्र विचारपूर्वक केलेला आहे. मालमत्ता नातेवाइकाच्या किंवा साथीदाराच्या नावावर असली तरी ती जप्त होऊ शकते, आणि ती प्रामाणिक कमाईची आहे हे सिद्ध करण्याचे ओझे तिच्या धारकावर असते. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो वैध ठरवला. तरीही काय होते पाहा. नागपाड्यातील ज्या मालमत्ता दाऊदची आई आणि बहीण यांच्या नावावर होत्या, त्यांवरील कारवाई १९८८ ची. त्यांचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले एप्रिल २०१८ मध्ये. मधली तीस वर्षे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. निकाल लागला तेव्हा आई आणि बहीण दोघीही हयात नव्हत्या.

आता न दिसणाऱ्या संपत्तीकडे वळू. तिची सुरुवात सोन्यापासून होते. १९६३ पासून सोन्यावर नियंत्रणे आली, १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला. आपल्या घरात मुलीचे लग्न सोन्यावाचून होत नाही. सरकार मात्र सोने आणू देईना. देशातला भाव आणि दुबईतला भाव यांत जी तफावत पडली, ती तस्करांची कमाई. दहा तोळ्यांची बिस्किटे अरबी गलबतांतून येत आणि कोकणच्या, दमणच्या किनाऱ्यावर उतरत. हाजी मस्तान आणि युसूफ पटेल यांच्याबरोबर दमणचा सुकुर नारायण बखिया हाही त्या काळातला बडा तस्कर. पैशाच्या या धंद्यात धर्माचा अडसर कधी नव्हता, आणि जे घेतले गेले ते सोने कोणत्या समाजाच्या तिजोऱ्यांत गेले हेही आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. ते आपल्याही घरी आले. पावती मागितली नाही, एवढेच.

१९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, १९९२ मध्ये अनिवासी भारतीयांना सोने आणण्याची मुभा मिळाली. सरकारने कायद्याच्या एका फटक्याने तस्करीचा कणा मोडला. जे काम हजारो छाप्यांनी झाले नव्हते ते एका शहाण्या धोरणाने झाले. पण टोळ्यांनी तोवर जमवलेला पैसा आणि पोसलेली माणसे होतीच. तो पैसा नवे घर शोधू लागला.

एक घर मिळाले चित्रपटसृष्टीत. त्या काळी चित्रपट हा कायद्याच्या लेखी उद्योग नव्हता. बँक निर्मात्याला दारात उभी करत नसे. मग निर्माता खासगी सावकाराकडे जाई, डोळे पांढरे होतील असे व्याज देई, आणि त्या सावकाराच्या मागे कोण उभा आहे याची चौकशी करीत नसे. ज्याने पैसे दिले तो पुढे कलावंत कोण घ्यायचा ते सांगू लागला, परदेशातील वितरणाचे हक्क मागू लागला. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत देवळातून बाहेर पडणाऱ्या गुलशनकुमार यांना भररस्त्यात गोळ्या घालण्यात आल्या. मे १९९८ मध्ये, अटलजींच्या सरकारात सुषमा स्वराज यांनी चित्रपटसृष्टीला उद्योगाचा दर्जा जाहीर केला, तो याच पार्श्वभूमीवर. जानेवारी २००० मध्ये राकेश रोशन यांच्यावर गोळीबार झाला. पुढच्या जानेवारीत हिरे व्यापारी आणि चित्रपटांचे अर्थपुरवठादार भरत शहा यांना ‘मोक्का’खाली अटक झाली. खटल्यात काय झाले? चित्रपटसृष्टीतले साक्षीदार एकामागून एक उलटले. पडद्यावर एकट्याने पन्नास गुंडांना लोळवणाऱ्यांना साक्षीच्या पिंजऱ्यात आपलाच जबाब आठवेना. पोलिसांना दिलेल्या जबाबावर ठाम राहिली ती प्रीती झिंटा ही तरुण अभिनेत्री. २००३ च्या निकालात शहा ‘मोक्का’च्या आरोपांतून सुटले, माहिती दडवल्याबद्दल तेवढे दोषी ठरले, आणि एक वर्षाची ती शिक्षा त्यांनी आधीच भोगून झाली होती.

चित्रपटाच्या धंद्याची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत आहे. अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने २००९ मध्ये चित्रपटांच्या चोरट्या प्रती आणि संघटित गुन्हेगारी यांवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात डी-कंपनीचीही चर्चा आहे. कराचीतील ‘सदफ’ या नावाने निघणाऱ्या चोरट्या तबकड्यांशी तिचा संबंध त्यात दाखवला आहे. म्हणजे चित्रपट मुंबईत तयार होणार, त्याची चोरटी प्रत कराचीत निघणार, आणि नफा आपल्यावर बॉम्ब टाकणाऱ्याच्या घरी जाणार. फुटपाथवर तीस रुपयांत मिळणारी ती तबकडी आपण ‘स्वस्त पडली’ म्हणून घरी नेत होतो.

दुसरे आणि कायमचे घर म्हणजे जमीन. मुंबईत जमिनीची टंचाई जेवढी निसर्गाने केली त्याहून अधिक कायद्यांनी केली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि पागडी आली. पागडीचा व्यवहार कागदावर नसतो, म्हणून त्याचा तंटा दिवाणी न्यायालयात सुटत नाही. न्यायालयात वीस वर्षे, ‘भाई’कडे दोन दिवस! घरमालक भाडेकरू काढायला, भाडेकरू घरमालकाला नमवायला, दोघेही तिकडेच गेले. या ‘मांडवली’तून टोळ्या मुंबईच्या इमारतींत शिरल्या. त्यांना आत बोलावणारे सुशिक्षित, पांढरपेशे लोक होते.

गिरणगावाची कथा तर काळीज चिरणारी आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले असंख्य पुन्हा आत गेलेच नाहीत. सूत काढण्यापेक्षा गिरणीखालची जमीन मौल्यवान ठरली. ती विकायची तर कामगारांची संमती हवी, आणि ती मिळवून देण्याचा ठेका टोळ्यांनी घेतला. ७ मे १९९४ रोजी खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीजवळ खून झाला. भायखळ्यातील गिरणीच्या जमिनीचा व्यवहार आणि दोन मराठी टोळ्यांतील वैर यांच्याशी तपासाने त्याचा सांधा जोडला. गवळी काय, नाईक काय, ही पोरे त्याच चाळींतली, कामगारांच्याच घरांतली. ‘आपला तो बाब्या’ म्हणून आपल्यापैकी काहींनी त्यांचे कौतुकही केले. मला ते तेव्हाही पटले नव्हते. बापाची गिरणी विकण्याच्या दलालीत ज्याने मुलाला पिस्तूल धरायला लावले, तो कोणत्या अर्थाने आपला?

याच वर्षी, २५ ऑगस्ट १९९४ रोजी, भाजपाचे मुंबई अध्यक्ष रामदास नायक यांची वांद्र्यात हत्या झाली. रामदासजी बंदुकीचे नव्हे, कागदाचे लढवय्ये होते. मुख्यमंत्री अंतुले यांच्यावर त्यांनी भरलेला खटला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला आणि कायद्याच्या पुस्तकांत कायमचा बसला. दाऊद टोळीच्या मारेकऱ्यांनी अशा माणसाला भर दिवसा मारले. कागद नीट वाचू शकणारा आणि वाचून गप्प न बसणारा माणूस या लोकांना किती नडतो, ते यावरून कळते.

जमिनीत पैसा कसा मुरतो, याचे लख्ख उदाहरण वरळीत आहे. इक्बाल मिरची हा दाऊदचा साथीदार, अमली पदार्थांच्या व्यापारातला. १९९५ मध्ये लंडनमध्ये त्याला अटक झाली, पण आपली प्रत्यार्पणाची मागणी तिथे टिकली नाही आणि २०१३ मध्ये तो तिथेच अंथरुणावर मेला. सक्तवसुली संचालनालयाने २०१९ मध्ये न्यायालयात जे मांडले त्यानुसार, वरळीतील तीन इमारती त्याने १९८६ मध्ये एका न्यासाकडून साडेसहा लाखांना घेतल्या होत्या आणि २०१० मध्ये त्यांचा व्यवहार २२५ कोटींना झाला. साडेसहा लाखांचे २२५ कोटी, एकही गोळी न झाडता! त्यासाठी काय लागले असेल? करार लिहिणारा वकील, हिशेब बसवणारा सनदी लेखापाल, मध्यस्थ, नोंदणी करणारा अधिकारी, पैसे पाठवणारी यंत्रणा. २०२० मध्ये संचालनालयाने त्याच्या कुटुंबाच्या दुबईतील सुमारे २०३ कोटींच्या मालमत्तांवर टाच आणली. त्यांत एक हॉटेलही आहे. वरळीचा पैसा दुबईत पोहोचला कसा, हे समजले तर पुष्कळ समजले.

पैसा नेणारी वाहतूक म्हणजे हवाला. यात पैसा जागचा हलत नाही. मुंबईत एक जण रोकड देतो, नोटेचा क्रमांक किंवा खुणेचा शब्द दुबईत कळवला जातो, आणि तिथला माणूस तेवढे दिरहम मोजतो. दोघांचा हिशेब पुढे कधी खोट्या आयात-बिलात, कधी सोन्यात मिटतो. अमेरिकेच्या वित्त विभागाने २०१५ मध्ये अल्ताफ खनानी या पाकिस्तानी पैसे-धुणाऱ्याच्या टोळीवर निर्बंध घातले, तेव्हा दाऊद आणि लष्कर-ए-तोयबा या दोघांशीही तिचे संबंध असल्याचे म्हटले होते. तस्कराची आणि दहशतवाद्याची पेढी एकच!

हा केवळ अर्थशास्त्राचा विषय असता तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर जी शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले, ते कोणत्या नव्या वाटेने आले नाही. ज्या वाटेने सोने-चांदी येत होती, ज्या होड्यांनी येत होती, ज्या ठरलेल्या हप्त्यावर सीमाशुल्क खाते आणि पोलीस डोळे मिटत होते, त्याच वाटेने ते आले. हप्ता घेणाऱ्यांना वाटले, नेहमीचाच माल आहे. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. पुढे खटल्यात सीमाशुल्काचे आणि पोलिसांचे अधिकारी दोषी ठरले.

त्या स्फोटांनंतर नेमलेल्या व्होरा समितीने ऑक्टोबर १९९३ मध्येच अहवाल दिला. गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांचे साटेलोटे सरकारच्याच गृहसचिवाने त्यात नोंदवले. तो संसदेत आला ऑगस्ट १९९५ मध्ये, तोही जेमतेम काही पानांचा. जोडपत्रे कपाटात राहिली. त्यानंतर केंद्रात आणि राज्यात सर्व रंगांची सरकारे येऊन गेली, आपल्या विचारांचीही आली. ती जोडपत्रे उघडा, अशी मागणी आपण आपल्या माणसांकडे पुरेशा जोराने केली नाही, हे या व्यासपीठावरून मला म्हटले पाहिजे.

खुद्द सूत्रधाराचा पत्ता आता गुपित राहिलेला नाही. २००३ मध्ये अमेरिकेने आणि पाठोपाठ संयुक्त राष्ट्रांनी त्याला दहशतवादी यादीत घातले. ऑगस्ट २०२० मध्ये, आंतरराष्ट्रीय काळ्या यादीची टांगती तलवार असताना, पाकिस्तानने स्वतःच काढलेल्या अधिसूचनेत त्याचे कराचीतील पत्ते छापले गेले. आरडाओरड झाल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याने कानांवर हात ठेवले. छापलेला पत्ताही नाकारता येतो, हे त्या देशाकडून शिकावे!

कायदे आज आपल्याकडे उणे नाहीत. १९९९ चा ‘मोक्का’ आहे. टोळीच्या वतीने हिशेबाबाहेरची संपत्ती बाळगणाऱ्यालाही त्यात शिक्षा आहे. २००५ पासून लागू झालेला पैसे-धुण्याविरुद्धचा कायदा आहे, २०१६ मध्ये धार दिलेला बेनामीविरोधी कायदा आहे, २०१८ चा फरारी आर्थिक गुन्हेगार कायदा आहे. तरी घर घेताना ‘इतके चेकने, इतके रोख’ हे वाक्य तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? हात वर करायला सांगत नाही. ते रोख बंडल ज्या खोलीत जाते, त्याच खोलीत टोळीचेही बंडल येते. तिथे दोन्हींचा रंग एक होतो आणि कोणते कोणाचे हे देवालाही ओळखता येत नाही. बेनामी मालमत्तेला लागतात ती नावे आपल्यातूनच मिळतात. कोणी टक्केवारीसाठी देतो, कोणी भीतीने, कोणी ‘मला काय करायचे’ म्हणून सही करून मोकळा होतो. सज्जनशक्तीच्या निष्क्रियतेविषयी आपण नेहमी बोलतो. इथे ती निष्क्रियही नसते, तिची सही असते.

सरकारकडेही एक मागणी आहे. लिलाव करायचा तर आधी जागा रिकामी करून तिचा ताबा हाती घ्या आणि मग विका. खरेदीदाराच्या हाती कागद देऊन त्याला गल्लीच्या तोंडाशी एकटे सोडू नका.

कारण तो १४४ चौरस फुटांचा गाळा. लिलाव जिंकलेल्या त्या तरुणाने पैसे भरले आणि तो नोंदणीसाठी फेऱ्या मारू लागला. मूळ कागद सापडत नाहीत, असे त्याला सांगण्यात आले. त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्रे लिहिली. एकामागून एक पंतप्रधान झाले, याची पत्रे चालूच राहिली. शेवटी न्यायालयात गेला. डिसेंबर २०२४ मध्ये, खरेदीनंतर २३ वर्षांनी, गाळ्याची नोंदणी त्याच्या नावावर झाली. त्यासाठी मुद्रांक शुल्क आणि दंड मिळून सुमारे दीड लाख रुपये त्याच्याकडून भरून घेण्यात आले. लिलावाच्या वेळी तो चौतिशीत होता. नोंदणीच्या दिवशी सत्तावन्न वर्षांचा होता. दस्तऐवज हातात घेऊन तो निबंधकाच्या कचेरीतून बाहेर पडला, तेव्हा गाळ्याचा ताबा त्याला मिळालेला नव्हता.